पुण्याच्या बाजारातली सफरचंदं आणि सायप्रसची हिरवी रेघ

मे २०२५ मध्ये पुण्यातल्या फळव्यापाऱ्यांनी तुर्कीची सफरचंदं घ्यायची नाहीत असं ठरवलं. ऑपरेशन सिंदूरच्या काळात तुर्की पाकिस्तानच्या बाजूने उभा राहिला होता, त्यामुळे राग येणं साहजिक होतं. त्याच आठवड्यात केंद्र सरकारने विमानतळांवर काम करणाऱ्या चेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा परवानगी रद्द केली. आणि महिन्याभरात, १५ जूनला, पंतप्रधान नरेंद्र मोदी सायप्रसमध्ये उतरले. १९८३ मध्ये इंदिरा गांधी आणि २००२ मध्ये अटलबिहारी वाजपेयी तिथे गेले होते, त्यानंतर जाणारे ते पहिलेच पंतप्रधान. सायप्रसने त्यांना मकारिओस तृतीय यांच्या नावाचा सर्वोच्च सन्मान दिला. राष्ट्राध्यक्ष निकोस ख्रिस्तोदुलिदीस त्यांना निकोसिया शहरात विभाजनरेषेजवळ घेऊन गेले, पलीकडचे डोंगर दाखवले. त्या फोटोचा अर्थ अंकाराला कळला आणि आपल्याकडच्या वाहिन्यांनाही. दोन दिवस सायप्रस गाजला, मग विषय संपला.

आमच्यासाठी मात्र संपला नाही. त्या दिवसांत महाराष्ट्रातल्या कितीतरी मुसलमानांना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, चहाच्या टपरीवर, कुणी कुणी तर शिक्षकांच्या खोलीतही एक वाक्य ऐकलं असेल: "बघा, तुमच्या तुर्कीने काय केलं." या वाक्यात खटकतो तो शब्द एकच, 'तुमच्या'. तुर्कीचा निर्णय अंकारात झाला, मतं तिथल्या लोकांनी दिली, आणि जाब द्यायचा घोडेगाव, मंचर, जुन्नरच्या माणसाने! दुसऱ्या बाजूला आपल्यातलीच काही मंडळी तुर्कीची प्रत्येक गोष्ट कौमची इज्जत समजून बचाव करायला धावतात. दोघेही एकच चूक करतात. ही चूक किती महाग पडते हे ज्याला पाहायचं असेल त्याने सायप्रसचा नकाशा उघडावा. समुद्रापलीकडच्या देशाचा हिशोब इथल्या माणसाकडून मागितला की काय होतं, याचं त्या बेटाइतकं स्पष्ट उदाहरण आम्हाला तरी दुसरं सापडत नाही.

आधी भूगोल. आम्ही शिकवणारी माणसं, नकाशाशिवाय पुढे जाववत नाही.

सायप्रस हे सिसिली आणि सार्डिनियानंतरचं भूमध्य समुद्रातलं तिसरं मोठं बेट. क्षेत्रफळ ९,२५१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याचे पाच भाग केले तर त्यातले तीन. दोन्ही बाजू धरून वस्ती तेरा लाखांच्या आसपास. उत्तरेला तुर्कीचा किनारा जेमतेम ७० किलोमीटरवर, पूर्वेला सीरिया साधारण १०० किलोमीटरवर, आणि ज्या ग्रीसशी जोडून घ्यायचं स्वप्न तिथल्या बहुसंख्यांनी पाहिलं त्याची मुख्य भूमी सुमारे ८०० किलोमीटर लांब. निम्मी भांडणं या तीन आकड्यांतच आहेत. बेटाच्या मध्य-नैर्ऋत्य भागात त्रूदोस डोंगर, त्याचं सर्वात उंच शिखर १,९५२ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा तीनशे मीटर जास्त. उत्तर किनाऱ्याला समांतर दुसरी, अरुंद डोंगररांग. तिच्या एका शिखराला पाच बोटांसारखे सुळके आहेत, म्हणून ग्रीक आणि तुर्की दोन्ही भाषांत तिचं नाव 'पाच बोटं' असंच आहे. दोन रांगांच्या मध्ये मेसाओरियाचं सपाट, गव्हाचं मैदान, आणि मैदानात निकोसिया. त्रूदोसमध्ये तांबं निघायचं. लॅटिनमध्ये तांब्याला जो शब्द आहे तो या बेटाच्याच नावावरून पडला. उर्दूत आपण या बेटाला कुबरुस म्हणतो, तुर्क किब्रिस म्हणतात.

बारमाही म्हणावी अशी नदी नाही. पाऊस हिवाळ्यात, तोही बेभरवशाचा. छोटी-मोठी शंभरावर धरणं बांधली आहेत, पण त्या सगळ्यांची साठवण मिळून साधारण ३३ कोटी घनमीटर. आमच्या डिंभे धरणाची एकट्याची क्षमता साडेतेरा टीएमसी, म्हणजे ३८ कोटी घनमीटर! अख्ख्या देशाच्या सगळ्या धरणांपेक्षा आमचा घोड नदीवरचा हुतात्मा बाबू गेनू जलाशय मोठा. मुलांना हे सांगितलं की विश्वास बसत नाही.

म्हणूनच ऑक्टोबर २०१५ मध्ये तुर्कीने समुद्राखालून उत्तर सायप्रसला पाणी नेलं तेव्हा तो नुसता नळ नव्हता. ८० किलोमीटरची वाहिनी, वर्षाला साडेसात कोटी घनमीटर पाणी. वाहिनी समुद्राच्या तळाशी टेकवलेली नाही, पाण्यात अधांतरी ताणून धरली आहे. काम थक्क करणारं आहे. पण पाणी आल्याबरोबर वाद सुरू झाला की वितरण स्थानिक नगरपालिकांनी करायचं की अंकाराच्या मर्जीतल्या खासगी ठेकेदाराने. ज्याच्या हातात पाण्याची चावी त्याच्या हातात गाव, हे आंबेगाव-जुन्नरच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. डिंभे ते माणिकडोह बोगद्याचं नाव काढलं तरी इथे सभा तापते.

इतिहासाकडे वळू. आपल्या वाचकांना या बेटाची एक ओळख मशिदीतून, मदरशातून झालेली असेलच. हजरत उम्मे हराम बिन्ते मिल्हान (रजि.) यांची रिवायत सहीह बुखारीत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी समुद्रावरून जाणाऱ्या पहिल्या लष्कराचं स्वप्न सांगितलं, त्यांनी "माझ्यासाठी दुआ करा, मीही त्यांच्यात असेन" अशी विनंती केली आणि "तुम्ही पहिल्यांतल्या आहात" असं उत्तर मिळालं. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांच्या खिलाफतीत, हिजरी २८ च्या सुमारास, अमीर मुआविया (रजि.) यांचं आरमार कुबरुसला गेलं. त्याच मोहिमेत जनावरावरून पडून त्यांचं निधन झालं. लार्नाका गावाजवळ, खाऱ्या सरोवराच्या काठी, खजुरांच्या झाडांत त्यांची मजार सांगितली जाते. हाला सुलतान तेक्के तिचं नाव. हिवाळ्यात सरोवरावर रोहित पक्षी उतरतात. ही जागा बेटाच्या दक्षिण भागात, म्हणजे ग्रीक सायप्रसी सरकारच्या ताब्यात आहे, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवा.

त्यानंतरचं एक पान पाठ्यपुस्तकांत कधी येत नाही. ६८८ साली उमय्या खलिफा अब्दुल मलिक आणि बायझंटाइन सम्राट जस्टिनियन दुसरा यांच्यात करार झाला: सायप्रसचा महसूल दोघांनी निम्मा निम्मा घ्यायचा. अधूनमधून स्वाऱ्या झाल्या, करार मोडला, पुन्हा जोडला. पण ९६५ मध्ये बायझंटाइनांनी बेट पूर्ण ताब्यात घेईपर्यंत, जवळजवळ तीन शतकं, ही व्यवस्था या ना त्या रूपात चालली. एका बेटावर दोन धर्मांच्या दोन महासत्ता, आणि मधल्या लोकांची शेती चालू. याला कुणी सुवर्णयुग म्हणू नये, दोन्हीकडे कर भरणाऱ्याचे हाल कमी नसतात. तरीही "हे दोन समाज कधी एकत्र नांदूच शकत नाहीत" म्हणणाऱ्यांनी ही तीनशे वर्षं कुठे ठेवायची ते सांगावं.

मग क्रूसेडच्या काळात इंग्लंडचा रिचर्ड, फ्रेंच लुसिन्यान घराणं, १४८९ पासून व्हेनिस. शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' घडतं ते याच व्हेनिसच्या सायप्रसमध्ये. देवलांच्या 'झुंझारराव'मुळे मराठी प्रेक्षकाला ती गोष्ट माहीत आहे, बेट माहीत नाही. १५७०-७१ मध्ये उस्मानी तुर्कांनी सायप्रस जिंकलं. फामागुस्ताच्या किल्ल्याने अटी ठरवून शरणागती पत्करली आणि त्यानंतर व्हेनिसचा सेनापती ब्रागादिन याला सोलून मारण्यात आलं. आपल्या लोकांना उस्मानी सलतनतीच्या मालिका फार आवडतात, त्यामुळे हे पानही वाचून दाखवणं आम्हाला गरजेचं वाटतं. त्याचबरोबर, कॅथलिक राज्यकर्त्यांनी दाबून ठेवलेल्या ऑर्थोडॉक्स चर्चला तिचा आर्चबिशप आणि हक्क परत मिळाले ते उस्मानींच्याच काळात, हेही तितकंच खरं. पुढची तीनशे वर्षं गावं मिश्र राहिली. काही लोक तर दोन्हीकडचे होते, बाहेर मुसलमानी नाव, घरात ख्रिस्ती. त्यांना ग्रीकमध्ये 'लिनोबांबाकी' म्हणत, म्हणजे जवस आणि कापूस दोन्ही धाग्यांचं कापड.

१८७८ मध्ये ब्रिटिश आले, आणि इथे आपला महाराष्ट्र या गोष्टीत शिरतो. रशियाला धाक दाखवायला ब्रिटिशांनी त्या वर्षी मुंबईतून सुमारे सात हजार हिंदी सैनिक माल्टा बेटावर नेले. त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. जुलैमध्ये त्यांतलेच काही सायप्रसच्या किनाऱ्यावर उतरवले गेले. म्हणजे सायप्रसवर सुरुवातीला उतरलेल्या ब्रिटिश फौजेत आपल्याकडचेही लोक होते.

पण या बेटाचा आणि जुन्नरचा धागा याहून कितीतरी जुना आहे, आणि त्यात एक गंमत दडलेली आहे. जुन्नरच्या लेण्यांत, शिवनेरीच्या आणि मानमोडीच्या डोंगरात, बौद्ध संघाला दान देणाऱ्या तीन यवनांचे शिलालेख आहेत. कुणी पाण्याच्या टाक्या दिल्या, कुणी भोजनमंडप. यवन म्हणजे मुळात आयोनियन, ग्रीक. उर्दू-अरबीतला 'युनानी' त्याच मुळाचा. नाणेघाटातून चढणारा माल भूमध्य समुद्रापर्यंत जायचा, त्या वाटेवरची ही माणसं. पुढे मराठी बखरींत आणि कादंबऱ्यांत 'यवन' म्हणजे मुसलमान झाला. म्हणजे आज पुण्यातली वाहिनी ज्या ग्रीकाच्या बाजूने उभी राहते आणि ज्या तुर्काच्या विरोधात, ते दोघेही आमच्या ग्रंथालयातल्या पुस्तकांत यवनच! शब्द इतके घसरतात. माणसावर कुणी कुठलं लेबल लावलं यावरून त्याचं वतन ठरत नाही.

सायप्रसमध्ये नेमकं हेच झालं. विसाव्या शतकात ग्रीक सायप्रसींच्या राजकारणाने 'एनोसिस', म्हणजे ग्रीसमध्ये विलीनीकरण, हे ध्येय ठरवलं. १९५५ पासून 'एओका' संघटनेने ब्रिटिशांविरुद्ध शस्त्र उचललं. ब्रिटिशांनी पोलीस दलात तुर्क सायप्रसी भरले. तुर्क बाजूने 'टीएमटी' ही सशस्त्र संघटना आणि 'तक्सीम'ची मागणी आली. तक्सीम हा शब्द आपल्याला वेगळा समजवायला नको. १९६० साली स्वातंत्र्य मिळालं, पण घटना ज्यूरिक आणि लंडनमध्ये ठरली होती आणि ग्रीस, तुर्की, ब्रिटन या तिघांना 'हमीदार' केलं होतं. राष्ट्राध्यक्ष ग्रीक, उपराष्ट्राध्यक्ष तुर्क, दोघांनाही नकाराधिकार. सरकारी नोकऱ्यांत ७०:३०, सैन्यात ६०:४०. तुर्क सायप्रसी लोकसंख्येच्या सुमारे १८ टक्के होते. बहुसंख्यांना हा अन्याय वाटला, अल्पसंख्यांना याशिवाय जगण्याची खात्री वाटेना. ब्रिटनने आपले दोन लष्करी तळ, २५४ चौरस किलोमीटर, ठेवून घेतले. ते आजही आहेत.

तीन वर्षांत सगळं कोसळलं. नोव्हेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आर्चबिशप मकारिओस यांनी घटनेत १३ दुरुस्त्या सुचवल्या, त्यात तुर्कांचा नकाराधिकार काढायचाही प्रस्ताव होता. डिसेंबरात कत्तली सुरू झाल्या. सुमारे २५,००० तुर्क सायप्रसी घरं सोडून छोट्या कोंडवाड्यांसारख्या वस्त्यांत गेले. निकोसियाच्या नकाशावर ब्रिटिश जनरल पीटर यंग यांनी हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. तिचं नाव आजही 'हिरवी रेघ'च.

मार्च १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शांतिसेना नेमली. तिचे पहिले सेनापती भारताचे लेफ्टनंट जनरल ज्ञानी, मग जनरल थिमय्या. डिसेंबर १९६५ मध्ये थिमय्यांचा तिथेच मृत्यू झाला आणि सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं. १९७४ च्या युद्धात शांतिसेनेची सूत्रं प्रेम चंद या तिसऱ्या भारतीय अधिकाऱ्याकडे होती. भारताची त्या बेटावरची खरी कमाई ती आहे. तेव्हा आपला अधिकारी रेघेच्या मधोमध उभा असायचा आणि दोन्ही बाजू त्याचं ऐकायच्या.

१५ जुलै १९७४ ला अथेन्सच्या लष्करी राजवटीने मकारिओस यांना उलथवलं. पाच दिवसांनी तुर्कीचं सैन्य उतरलं. हमीदार म्हणून तो हक्क आपल्याला होता असं तुर्की म्हणतो, आणि पहिल्या उतरण्यापुरतं त्यात तथ्य शोधता येईल. पण बंड आठवड्याभरातच फसलं, अथेन्सची राजवटही गेली, वाटाघाटी चालू असताना १४ ऑगस्टला तुर्कीने दुसरा हल्ला केला आणि बेटाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग घेतला. त्याला आम्ही हमी म्हणू शकत नाही. दीड लाखाहून जास्त ग्रीक सायप्रसी दक्षिणेकडे पळाले. दक्षिणेतले चाळीस-पन्नास हजार तुर्क सायप्रसी उत्तरेकडे गेले. बेपत्ता माणसांची जी यादी दोन्ही समाजांची संयुक्त समिती आजही तपासते, तिच्यात २,००२ नावं आहेत: १,५१० ग्रीक, ४९२ तुर्क. हजारावर लोकांची हाडं ओळख पटवून घरच्यांच्या हवाली झाली. ही समिती १९८१ पासून आहे, आणि त्यातल्या प्रयोगशाळेत दोन्ही बाजूंची तरुण मुलं एकाच टेबलावर काम करतात.

आता जे लोक याला इस्लाम विरुद्ध ख्रिस्ती असं रंगवतात त्यांच्यासाठी काही गोष्टी. १९८३ मध्ये उत्तर भागाने स्वतंत्र राष्ट्र जाहीर केलं. तुर्की सोडून जगातल्या एकाही देशाने, एकाही मुस्लिम देशाने, ते मान्य केलेलं नाही. पाकिस्ताननेही नाही. सुरक्षा परिषदेचे ५४१ आणि ५५० हे ठराव त्याविरुद्ध आहेत. एप्रिल २०२५ मध्ये समरकंदच्या परिषदेत उझबेकिस्तान, कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान या तुर्की वंशाच्या मुस्लिम देशांनी युरोपीय संघासोबत त्याच ठरावांना बांधिलकी जाहीर केली. म्हणजे तुर्कीचे भाऊबंदही या प्रकरणात तुर्कीसोबत नाहीत, आणि हिशोब मात्र जुन्नरच्या फळवाल्याने द्यायचा.

तुर्क सायप्रसी स्वतः तरी अंकाराचे का? २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्नान योजनेवर दोन्हीकडे एकाच दिवशी सार्वमत झालं. तुर्क सायप्रसींपैकी ६५ टक्क्यांनी एकत्र देशाला 'हो' म्हटलं, ग्रीक सायप्रसींपैकी ७६ टक्क्यांनी 'नाही'. आठवड्याभराने 'नाही' म्हणणारे युरोपीय संघात गेले, 'हो' म्हणणारे बाहेर राहिले. वसंत २०२५ मध्ये शाळांत हेडस्कार्फला परवानगी देणारा नियम आला तेव्हा उत्तरेतल्या शिक्षक संघटनांनी हा अंकाराचा हस्तक्षेप आहे म्हणत मोठे मोर्चे काढले. त्या मुलींच्या हक्काबद्दल आमचं मत त्या संघटनांपेक्षा वेगळं आहे. पण मोर्च्याचा रोख ओळखायला हवा: आमच्या शाळेत काय व्हावं ते आम्ही ठरवू. आणि १९ ऑक्टोबर २०२५ ला तिथल्या निवडणुकीत, दोन वेगळी राष्ट्रं हवीत म्हणणारे आणि अंकाराचा पाठिंबा असलेले एर्सिन तातार हरले. संघराज्याच्या बाजूचे तुफान एरहुरमान ६२ टक्क्यांहून जास्त मतांनी निवडून आले. आपल्याकडे ही बातमी शोधूनही सापडत नव्हती.

जानेवारी ते जूनअखेर २०२६ या काळासाठी युरोपीय संघाच्या परिषदेचं अध्यक्षपद सायप्रसकडे आलं, त्याआधी नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन्ही नेते भेटले, त्यामुळे पुन्हा बोलणी सुरू होतील अशी आशा निर्माण झाली. अडचण कुठे येईल हे मात्र आम्ही इथे बसून सांगू शकतो. ती जमिनीच्या कागदावर येईल. किरेनिया भागातल्या तितिना लोइझिदू यांनी आपल्या जमिनीसाठी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात तुर्कीवर दावा केला आणि १९९६ मध्ये जिंकल्या. न्यायालय म्हणालं, जमीन आजही त्यांचीच. मग हजारो दावे उभे राहिले. पण १९७४ नंतर त्या घरांत दक्षिणेतून उखडून आलेले तुर्क राहतात, त्यांच्यामागे अनातोलियातून आणून वसवलेले लोक, त्यांची नातवंडं तिथे जन्मलेली. सातबारा एकाचा, ताबा दुसऱ्याचा, आणि दोघेही निर्वासित.

डिंभ्याच्या पाण्याखाली जुनं आंबेगाव गेलं. तालुक्याला नाव त्याचं, गाव मात्र तळाशी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की माणसं काठावर उभी राहून आपलं घर कुठे होतं ते मुलांना दाखवतात. फरक इतकाच की इथे पाणी होतं, तिथे काटेरी तार. २००३ मध्ये नाकी उघडली तेव्हा लोक पलीकडे गेले, आपल्याच दाराची कडी वाजवली, आतल्या माणसाने चहा-कॉफी विचारली, काहींनी जपून ठेवलेले लग्नाचे फोटो परत दिले. घर परत देणं मात्र कुणाच्या हातात नव्हतं. एकाच ठिकाणी, बफर पट्ट्यातल्या पिला गावात, दोन्ही समाज आजही शेजारी राहतात. उत्तर टोकाचा आपोस्तोलोस आंद्रेआस मठ दोन्हीकडच्या संयुक्त समितीने दुरुस्त केला, आणि दक्षिणेतल्या हाला सुलतानच्या मजारीवर तुर्क सायप्रसी बसने झियारतीला येतात.

सध्या दोन्ही नेत्यांमध्ये घासाघीस चालू आहे ती घटनेवर नाही, आणखी नाकी कुठे उघडायची यावर आहे. निकोसियाच्या पूर्वेला मिआ मिलिया, तुर्कीत हासपोलात, इथे गाड्यांसाठी नवा रस्ता हवा असं तुर्क बाजू म्हणते. ग्रीक बाजूला त्याबदल्यात अथिएनूकडून निघणारी वाट हवी आहे. रस्ता काही किलोमीटरचा आहे. आत्ताच्या नाक्यांवर गाड्यांच्या रांगा लागतात.